बाय-टू

रविवारी राममंदिराजवळच्या दर्शिनीत मी नेहमीसारखी एक बाय-टू कॉफी सांगितली, आठवतं? काउंटरवरच्या माणसानं एका कॉफीचे दोन पेले करून पुढे सरकवले. तू तुझा उचललास आणि तेवढ्यात रस्त्यावरून ॲम्ब्युलन्सचा भोंगा आला. तुझं वाक्य अर्ध्यावर तुटलं. गरम कॉफी मनगटावर सांडली, तरी तुझं लक्षच नव्हतं. मी रुमाल पुढे केला तेव्हा म्हणालीस, "काही नाही गं ताई, रात्रपाळी चाललीय ना, झोप झाली नाही."

बाळा, ते 'काही नाही' माझ्या ओळखीचं आहे. मीही ते आठ महिने म्हणत होते. म्हणून आज लिहायला बसले. समोर बसून बोलले असते तर तू अलगद विषय बदलला असतास. दिवसभर दुसऱ्यांना बोलतं करणाऱ्या आपल्यासारख्या पत्रकारांना स्वतःबद्दलचा प्रश्न चुकवता फार छान येतो.

माझी गोष्ट तुला कधी पूर्ण सांगितली नाही. २३ फेब्रुवारी २०१०. बेंगळुरूच्या जुन्या विमानतळ रस्त्यावरच्या कार्लटन टॉवर्सला आग लागली आणि ९ माणसं गेली. मी खाली रस्त्यावर वही घेऊन उभी होते. बातमी वेळेत दिली. दुसऱ्या दिवशी फॉलोअप, तिसऱ्या दिवशी आणखी एक. ऑफिसात पाठ थोपटली गेली. महिनाभरानं घरात फोडणी करपली आणि मी गॅस तसाच सोडून जिन्यावरून खाली धावत सुटले. पायात चप्पल नव्हती. मग लिफ्ट नकोशी झाली. पाच मजले पायी चढायचे आणि विचारलं तर व्यायाम म्हणून सांगायचे. पोरांवर विनाकारण खेकसायचे. एका ज्येष्ठ सहकाऱ्याला धीर करून सांगितलं, तर उत्तर मिळालं, "क्राइम बीटवर राहायचं तर कातडी जाड हवी." त्यानंतर मी तोंड मिटलं.

शेवटी पित्ताच्या गोळ्या मागायला आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "झोपेत काय दिसतं?" इतक्या महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी तिथंच, त्या स्टुलावर बसून रडले.

आता तुझं. घरी चालत येताना तू तुकड्या-तुकड्यांत जे सांगितलंस ते मी जोडून पाहिलं. ४ जून २०२५. आरसीबीनं आदल्या रात्री पहिल्यांदा आयपीएल जिंकलेलं, सगळं शहर चिन्नास्वामी स्टेडियमकडे निघालेलं. सकाळी तू आनंदाचे बाइट घेत होतीस. संध्याकाळपर्यंत ११ माणसं चेंगरून गेली, बहुतेक तरुण, आणि तू एका रुग्णालयाच्या दाराशी लाइव्ह देत होतीस. कानातल्या इअरपीसमधून आवाज येत होता, "घरच्यांचा बाइट मिळव." तू मिळवलास. त्या आईनं तुझा माइक धरून तुलाच विचारलं, "माझा मुलगा आत आहे का, सांग की." तेव्हापासून तुला भोंगा सहन होत नाही, गर्दीची मेट्रो सोडून तू रिक्षानं जातेस, आणि रात्री दोन वाजता फोन हातात घेऊन त्या गर्दीचा तोच व्हिडिओ परत बघतेस.

तर पहिली गोष्ट नीट ऐक. तू कमकुवत नाहीस. भट्टीवर काम करणाऱ्याचा हात भाजतो, तशी ही कामावर झालेली इजा आहे. हात भाजलेल्याला आपण 'तुला हे काम झेपत नाही' असं म्हणत नाही. मलम लावतो, पट्टी करतो, चार दिवस आगीपासून लांब बसवतो. मनाच्या इजेलाही तेच लागतं: लवकर लक्ष देणं, थोडी विश्रांती आणि जाणत्याचा हात.

एवढं भयंकर काही पाहिलं की शरीर धोक्याची घंटा वाजवतं. छाती धडधडते, भूक जाते, झोप उडते, तेच चित्र पुन्हा पुन्हा समोर येतं. पहिले काही दिवस, काही आठवडे हे कुणालाही होतं आणि बहुतेकांचं हळूहळू निवळतं. पण महिना उलटून गेला तरी घंटा वाजतच राहिली, त्या जागा, ते आवाज, ती माणसं आपण टाळायला लागलो, सतत दचकायला लागलो, हसणं-रडणं दोन्ही बधिर झालं, तर ते आपोआप जाईल म्हणून बसून राहू नये. टोरांटोचे मनोविकारतज्ज्ञ अँथनी फाइनस्टाइन यांनी १४० युद्धपत्रकारांचा अभ्यास करून २००२ साली तो प्रसिद्ध केला. त्यातल्या २८.६ टक्के पत्रकारांना आयुष्यात कधी ना कधी आघातानंतरच्या तणावविकारानं, म्हणजे पीटीएसडीनं, गाठलं होतं. जवळजवळ दर साडेतिनांत एक! ही सगळी अनुभवी, निधड्या छातीची माणसं होती. धाडस असलं म्हणून मनाला इजा होत नाही, असं नसतं गं.

तुझी ती डेस्कवरची मैत्रीण आहे ना, तिलाही हे वाचायला दे. 'मी कुठं स्पॉटवर होते, मी तर नुसतं फुटेज कापत होते,' असं म्हणून ती स्वतःचा त्रास मोजतच नाही. फाइनस्टाइन यांनीच २०१४ मध्ये तीन आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थांमध्ये लोकांनी पाठवलेले हिंसेचे व्हिडिओ तपासणाऱ्या ११६ पत्रकारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका बैठकीत किती तास पाहिलं, यापेक्षा किती वारंवार पाहिलं याचा त्रासाशी जास्त संबंध दिसला. रोज थोडं थोडं पाहणंही साचत जातं. आपल्या चॅनेलांत ते फुटेज किती वेळा फिरतं, तुला माहीत आहे. म्हणून तिला सांग, रॉ फुटेज पहिल्यांदा बघताना आवाज बंद ठेव. किंकाळी डोळ्यांपेक्षा खोल जाते. खिडकी लहान कर. नेमकी फ्रेम मिळाली की पुन्हा मागे जाऊन बघू नकोस. फाइलच्या नावातच 'आत प्रेत आहे' असं लिहून ठेव, म्हणजे पुढच्या शिफ्टची पोरगी बेसावध उघडणार नाही. आणि असं फुटेज एकाच माणसाच्या गळ्यात रोज पडू नये, आळीपाळी व्हावी. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत.

तू मात्र घरी आल्यावर तो व्हिडिओ बघणं थांबव. मला कळतं तू का बघतेस. त्या गर्दीत तू कुठं उभी होतीस, काही करू शकली असतीस का, हे शोधतेस. त्या व्हिडिओत ते उत्तर नाही. फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेव आणि उठवायला साधं गजराचं घड्याळ आण.

आता त्या बाइटबद्दल. मला वाटतं तुला खरं टोचतंय ते हेच. भीती एकवेळ ओसरते, पण 'मी त्या आईपुढे माइक धरला' हे आत रुतून बसतं. कार्लटनच्या वेळी मीही एका माणसाला त्याच्या बायकोचं वय विचारलं होतं. ती गेल्याचं त्याला अजून समजलेलं नव्हतं, आणि ते माझ्या प्रश्नातून समजलं. आज इतक्या वर्षांनीही त्याचे डोळे मला आठवतात.

याला 'ते तर कामच आहे' हे उत्तर पुरत नाही, मला माहीत आहे. मला काय उपयोगी पडलं ते सांगते. मी चूक आणि काम वेगळं केलं. तिथं जाणं, मोजणं, लिहिणं, का घडलं ते विचारणं हे काम होतं आणि ते आवश्यक होतं. कार्लटनमध्ये माणसं गमावलेल्या कुटुंबांनी पुढे 'बियाँड कार्लटन' ही अग्निसुरक्षेसाठी झटणारी संस्था उभी केली. त्या आगीचं नाव शहराच्या लक्षात राहिलं, त्यात आमच्या बातम्यांचाही खारीचा वाटा होता, असं मला मनापासून वाटतं. चूक होती ती घाईत विचारलेल्या त्या एका प्रश्नाची. मग मी नियम केला: घरच्यांना बातमी कळली आहे याची खात्री झाल्याशिवाय त्यांच्याजवळ जायचं नाही; आधी नाव सांगायचं, 'बोलायचं आहे का' विचारायचं, आणि 'नाही' म्हटलं की वही बंद. इअरपीसमध्ये कुणी कितीही ओरडलं तरी. तूही तुझा एक नियम कर आणि शांत वेळी तुझ्या संपादकाला तो सांगून ठेव. आत्महत्येच्या बातमीबाबत तर तुझ्या हातात आधारही आहे. १३ सप्टेंबर २०१९ रोजी प्रेस कौन्सिलनं मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या: पद्धत वर्णन करू नका, सनसनाटी मथळा देऊ नका, फोटो-व्हिडिओ वापरू नका. त्या सूचना वाचकांना जपण्यासाठी आहेत, पण त्या पाळल्या तर बातमी देणाऱ्याचं मनही थोडं जपलं जातं.

तुझ्या मनात आणखी एक भीती आहे. ती तू बोलली नाहीस, पण मला दिसते. पीजीचं गेट उघडताना तू मागं वळून बघतेस. ५ सप्टेंबर २०१७ च्या रात्री गौरी लंकेश यांना त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घातल्या गेल्या. ते घर राजराजेश्वरीनगरात. बेळगावच्या आपल्या मावशीनं टीव्हीवर अर्धवट ऐकलं, तिला ते आपलं राजाजीनगरच वाटलं आणि ती रडत रडत मला फोन करत राहिली. त्यानंतर कित्येक दिवस आम्ही साऱ्याजणी कुलूप उघडताना किल्ली आधीच हातात धरायचो. आता तुझ्या बातमीखाली लोक घाणेरडं लिहितात आणि तू ते सगळं एकटी, रात्री, अंथरुणात वाचतेस. तसं करू नकोस. तुझ्या विश्वासातल्या एकीला वाचायला सांग. धमकी असेल तर तिनं स्क्रीनशॉट काढून तारीख-वेळेसह जपावा, ऑफिसला लेखी कळवावं आणि सायबर पोलिसांत तक्रार द्यावी. बाकीचं तुझ्या डोळ्यांपर्यंत येण्याची गरजच नाही. आणि उशीर झाला की मला 'पोचले' एवढा एक शब्द पाठव. मी जागी असते.

आपल्या मराठी पत्रकारितेत सोसण्याचं मोल फार. आगरकरांची गोष्ट आपण लहानपणी ऐकली: दम्यानं जर्जर झालेला माणूस, विरोधकांनी जिवंतपणी काढलेली प्रेतयात्रा, अवघ्या ३८ व्या वर्षी मृत्यू. ऐकून आपण काय शिकलो, तर सोसायचं आणि बोलायचं नाही. पण आगरकर बोलले होते गं! १८८२ साली कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि ते डोंगरीच्या तुरुंगात गेले, तेव्हा दोघं एकमेकांना सोबत होते. आणि सुटल्यावर आगरकरांनी त्या १०१ दिवसांवर पुस्तक लिहिलं. सोबत आणि सांगणं, हे दोन्ही त्या परंपरेतलंच आहे. आपण तेवढंच नेमकं विसरलो.

विसरण्याची किंमत करोनात दिसली. एप्रिल २०२० मध्ये मुंबईत पत्रकारांची तपासणी झाली आणि एका फटक्यात ५३ जण बाधित निघाले, कित्येकांना तोपर्यंत लक्षणंही नव्हती. २ सप्टेंबर २०२० ला पुण्यात टीव्ही ९ मराठीचे पांडुरंग रायकर गेले. वय अवघं ४२. रुग्णवाहिका वेळेत मिळाली नाही म्हणून त्यांचे सहकारी रात्रभर फोन करत होते. दिवसा जे लोक इतरांच्या बेडसाठी बातम्या करत होते, तेच रात्री आपल्या मित्रासाठी दारं ठोठावत होते. त्यातल्या किती जणांना नंतर कुणी विचारलं, 'तू कसा आहेस?' दुसऱ्या दिवशी पुन्हा लाइव्ह होतं.

म्हणून म्हणते, विश्रांती ही कुणाची मेहेरबानी समजू नकोस. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ साली या देशानं वेगळा कायदा केला, तो उगाच नाही. चार आठवड्यांत १४४ तासांहून जास्त काम नाही, दर सात दिवसांत सलग २४ तास सुट्टी. १९५७ च्या नियमांत दिवसपाळी सहा तासांची आणि रात्रपाळी साडेपाच तासांची होती. रात्री जागणाऱ्याचं शरीर जास्त झिजतं, हे ते नियम करणाऱ्यांना तेव्हाच कळलं होतं. तो कायदा वृत्तपत्रांपुरता होता. २०२० च्या कामगार संहितेत पत्रकाराच्या व्याख्येत टीव्ही आणि डिजिटलवालेही आले, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू झाली आहे. तू सलग तीन आठवडे रात्रपाळी केलीस आणि वीकली ऑफलाही फोनवरून लाइव्ह दिलास, असं म्हणालीस. एकटीनं भांडायला जा असं मी म्हणत नाही. पण वहीत तास मांडून ठेव. चार जणींचे तास एका कागदावर आले की संपादकालाही ते दिसतात. चांगले संपादक असतात गं, त्यांना कधीकधी कुणी सांगितलेलंच नसतं.

कंपन्यांनाही हे आता दुर्लक्षून चालणार नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या न्यायालयानं २०१९ मध्ये वर्षानुवर्षं खून-अपघातांच्या बातम्या करून पीटीएसडी झालेल्या एका पत्रकाराला १ लाख ८० हजार डॉलरची भरपाई द्यायला तिच्या वृत्तपत्राला सांगितलं. मनाची इजा ही कामावरची इजा आहे, हे तिथं न्यायालयानं मान्य केलं.

आता तू काय करायचं ते सांगते. राजाजीनगर स्टेशनवरून हिरव्या मार्गाची मेट्रो पकडायची, लालबागला उतरायचं, तिथून रिक्षानं होसूर रोडवरचं निम्हान्स, मनाच्या आजारांचं रुग्णालय. गर्दी नको वाटते ना, मग सकाळी लवकर निघू. मी बरोबर येणार आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ओढणीनं तोंड झाकून गेले होते, कुणी ओळखीचं भेटलं तर काय म्हणेल म्हणून. आत गेले तर रांगेत शाळामास्तर होते, आयटीतली पोरं होती, मंड्याचे एक शेतकरी बायकोला घेऊन आले होते. ओढणी कधी खांद्यावर आली ते मला कळलंच नाही. आधी एका तरुण डॉक्टरनं सगळं सविस्तर विचारलं: झोप, भूक, घर, काम, लहानपण. मग मोठ्या डॉक्टर आल्या. मला थोडे दिवस गोळ्या लागल्या आणि बरेच महिने बोलणं लागलं. गोळी प्रत्येकाला लागतेच असं नाही. ते त्यांना ठरवू दे. लिफ्टमध्ये मी वर्षभरानं पाऊल ठेवलं, आधी एक मजला, मग दोन.

ऑफिसला कळेल याची भीती वाटते का? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं तुझी माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुला दिला आहे. तुझ्या संमतीवाचून डॉक्टर तुझ्या साहेबांना काही सांगत नाहीत. याच कायद्यानं विमा कंपन्यांनाही शरीराच्या आजारासारखंच मनाच्या आजारालाही विमा द्यायला सांगितलं आहे.

आणि मी बरोबर नसेन, रात्रीचे तीन वाजले असतील, तेव्हा १४४१६ लाव. ही टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालते. तिचं मुख्य केंद्र आपल्या निम्हान्समध्येच आहे. कन्नडमध्ये बोलता येतं, मराठीतही. दिवसभर तू तीन भाषांत बातम्या देतेस, पण रडायला माणसाला आपलीच भाषा लागते.

आता एक प्रश्न सरळ विचारते, आणि तूही सरळ उत्तर दे. 'मी नसले तर बरं' असं कधी मनात आलंय का? आलं असेल तर मी दचकणार नाही, रागावणार नाही, तुला न विचारता आईला सांगणार नाही. फक्त त्याच क्षणी मला उठव. दार वाजव, फोन कर, १४४१६ लाव, जवळच्या रुग्णालयात जा. त्या रात्री एकटी राहू नकोस. असा विचार येणं हे पाप नाही, दुखणं फार वाढल्याची ती खूण आहे, आणि ते दुखणं उतरतं. मी उतरलेलं पाहिलंय.

या आठवड्यात एवढंच कर. शिफ्ट सुटल्यावर थेट पीजीवर जाऊ नकोस. दहा मिनिटं चाल, तोंड धू, ऑफिसचं ओळखपत्र काढून पिशवीत ठेव, म्हणजे शरीराला कळेल की काम संपलं. स्पॉटवर जाण्याआधी काहीतरी खाऊन जा. आणि त्या दिवसाबद्दल एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत लिही. ती बातमी असणार नाही, शब्दमर्यादा नाही, कुणी कापणार नाही. जमेल तेवढंच लिही. छाती भरून आली तर थांब, उरलेलं माझ्यासमोर किंवा डॉक्टरांसमोर.

मला तू या कामात हवी आहेस. त्या आईचा प्रश्न जिला इतके दिवस झोपू देत नाही, तिच्यासारखी माणसंच बातमी माणुसकीनं करतात. तू मन दगड करू नयेस असं मला वाटतं, आणि मोडूही नयेस असंही वाटतं. या दोन्हींच्या मधे जी जागा आहे ती एकटीला सापडत नाही, मलाही सापडली नव्हती.

पुढच्या रविवारी त्याच दर्शिनीत ये. बेंगळुरूत आल्यावर मला 'बाय-टू' हा शब्द पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा वाटलं होतं, अर्धा पेला तर मिळणार, त्यात काय पोट भरणार? आता वाटतं, या शहरानं मला शिकवलेला हा सगळ्यात शहाणा शब्द आहे. तू सांगायचं, मी ऐकायचं. पूर्ण कपभर कडू तुला एकटीला पिऊ देणार नाही.

सोमवारची सकाळ मी मोकळी ठेवली आहे. सात वाजता राजाजीनगर स्टेशनच्या पायऱ्यांशी उभी असेन.

— तुझी ताई